लांब पल्ल्याच्या रायफलसाठी पावडर निवडणे आणि सुरक्षित लोड तयार करणे: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

हॅंडलोडिंग, म्हणजे काडतुसे स्वतः भरणे, शिकू लागलेल्या माणसाला सर्वांत आधी गोंधळात टाकते ती आकड्यांची गर्दी. एक अनुभवी नेमबाज सांगतो की अमुक पावडर इतके ग्रेन (वजनाचे माप) घाला. दुसरा त्याच काडतुसासाठी, त्याच पावडरचे, एक-दीड ग्रेन जास्त सांगतो. आणि दोघांच्याही रायफली धडधाकट असतात. दोघेही खरे बोलत असतात, कारण दोघांचे चेंबर (काडतूस बसते ती बॅरलमागची जागा), बॅरल, पुंगळ्या (काडतुसांची पितळी कवचे) आणि पावडरचे लॉट (उत्पादनाच्या खेपा) निराळे असतात. एका रायफलमध्ये निर्धोक ठरलेला चार्ज (एका काडतुसात घातलेली पावडर) दुसऱ्या रायफलमध्ये मर्यादेबाहेरचा दाब निर्माण करू शकतो, आणि रायफलच्या चेंबरमधला दाब नेमबाजाच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असतो. म्हणूनच या लेखात एकाही पावडरचा चार्ज दिलेला नाही. तो आकडा प्रकाशित मॅन्युअलमधूनच घ्यायचा असतो. तो कसा वाचायचा, त्याच्याकडे कसे चढत जायचे आणि कुठे थांबायचे, एवढेच येथे सांगितले आहे. माझे ठाम मत असे आहे की थांबण्याची जागा प्रायमरच्या (पुंगळीच्या तळातल्या, पावडर पेटवणाऱ्या टिकलीच्या) चेहऱ्यावरून ठरवू नये. ती छापील कमाल चार्ज आणि क्रोनोग्राफने मोजलेला बुलेटचा वेग यांच्यावरून ठरवावी.

१. परवाना आणि कागदपत्रे

काडतुसे स्वतः भरणे काही देशांत खुले आहे, काही ठिकाणी त्यासाठी वेगळा परवाना लागतो आणि काही ठिकाणी ते साफ निषिद्ध आहे. पावडर आणि प्रायमर किती साठवता येतात, कशा प्रकारे ठेवावे लागतात आणि त्यांची वाहतूक कशी करायची यांचेही नियम असतात. शस्त्र परवाना, साहित्य खरेदीची परवानगी लागत असल्यास ती, खरेदीच्या पावत्या आणि साठवणुकीच्या मर्यादेची माहिती एका फाइलमध्ये ठेवूनच पुढे जा. घराचा विमा असेल तर त्यातील ज्वलनशील पदार्थांविषयीची अट वाचा. ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

२. लागणारे साहित्य

उपकरणांवर पैसे खर्च करताना नवशिक्या माणसाचा ओढा भारी प्रेसकडे असतो. प्रत्यक्षात साधी, मजबूत सिंगल स्टेज प्रेस (एका वेळी एकच काम करणारे दाबयंत्र) वर्षानुवर्षे पुरते. पैसे वाचवू नयेत ते तराजू आणि मोजमापाच्या साधनांवर. खालील वस्तूंशिवाय सुरुवात करू नका:

– निदान दोन वेगवेगळ्या प्रकाशकांची रीलोडिंग मॅन्युअले, आणि तुम्ही वापरणार त्या पावडरच्या उत्पादकाचा चालू तक्ता
– सिंगल स्टेज प्रेस, तुमच्या कॅलिबरची डाय (पुंगळीला आकार देणारा साचा) आणि त्या पुंगळीचा शेल होल्डर (तिचा तळ धरणारा तुकडा)
– ०.१ ग्रेनपर्यंत वाचणारा तराजू आणि तो तपासण्यासाठी प्रमाणित वजने
– व्हर्नियर कॅलिपर, आणि त्याला जोडायचे पुंगळीच्या खांद्याचे (गळ्याखालच्या उताराचे) व बुलेटच्या ओगाइव्हचे (टोकाकडच्या वक्र भागाचे) मोजमाप घेणारे कंपॅरेटर
– पुंगळी कापण्याचा ट्रिमर, आतली-बाहेरची धार काढण्याचे हत्यार, प्रायमर बसवण्याचे हातयंत्र
– लोडिंग ब्लॉक, फनेल, टॉर्च
– चुकीने भरलेले काडतूस सुरक्षित उघडण्यासाठी बुलेट पुलर
– क्रोनोग्राफ
– डोळ्यांच्या संरक्षणाचा चष्मा, कानांचे संरक्षण, आणि नोंदवही

क्रोनोग्राफ ही चैनीची वस्तू समजली जाते. माझ्या मते ती सुरक्षिततेची वस्तू आहे. चेंबरमधला दाब मोजण्याचे साधन आपल्याकडे नसते. त्या दाबाची सर्वांत प्रामाणिक खूण म्हणजे बुलेटचा वेग, आणि तो फक्त क्रोनोग्राफच सांगतो.

३. पावडर म्हणजे नेमके काय

आजची धूरविरहित पावडर मुळात नायट्रोसेल्युलोजची असते. पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८८४ मध्ये पहिली यशस्वी धूरविरहित पावडर तयार केली, आणि तिचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. केवळ नायट्रोसेल्युलोज असेल तर ती सिंगल बेस, आणि त्यात नायट्रोग्लिसरिन मिसळलेले असेल तर डबल बेस. डबल बेस पावडर त्याच जागेत जास्त ऊर्जा देते, पण ती अनेकदा जास्त उष्ण जळते आणि बॅरलचा घसा (चेंबरच्या लगेच पुढचा भाग) लवकर झिजवते.

पावडर उघड्यावर पेटवली तर ती नुसती भुरभुर जळून जाते. बंद जागेत मात्र दाब वाढला की ज्वलनाचा वेग वाढतो, आणि ज्वलनाचा वेग वाढला की दाब आणखी वाढतो. लोड (पावडर, प्रायमर, पुंगळी आणि बुलेट यांचा मेळ) तयार करण्यातली सारी सावधगिरी या एका चक्रामुळे आहे. कमाल मर्यादेच्या जवळ पावडर थोडीशी वाढवली की दाब त्या प्रमाणाच्या बाहेर वाढतो. खालच्या टप्प्यांत अर्धा ग्रेन वाढवून काही बिघडले नाही, म्हणून वरच्या टोकालाही अर्ध्या ग्रेनने काही बिघडणार नाही, हा तर्क येथे चालत नाही.

दाण्याचा आकार आणि त्यावरचे लेपन यांच्यावरून पावडर किती जलद जळेल हे ठरते. लहान काड्यांसारखी एक्स्ट्रूडेड पावडर, गोळीदार बॉल पावडर आणि चकत्यांची फ्लेक पावडर हे तीन मुख्य प्रकार होत. लांब पल्ल्याच्या रायफलसाठी बहुतेक नेमबाज एक्स्ट्रूडेड पावडर घेतात. बॉल पावडर मापकातून (पावडर मोजून टाकणाऱ्या यंत्रातून) फार सुरेख, एकसारखी पडते. मात्र ती सहसा डबल बेस असते, पेटवायला काही वेळा कठीण असते, आणि म्हणून तिच्या तक्त्यात कधी कधी मॅग्नम प्रायमर (जास्त जोराची ज्योत देणारा) दिलेला असतो. तक्त्यात दिला असेल तरच तो वापरा.

४. पावडर निवडताना

ज्वलन गतीचे तक्ते पावडरींना जलद ते मंद अशा क्रमाने लावतात. हे तक्ते केवळ दिशा दाखवतात. तक्त्यात दोन पावडरी शेजारी आहेत म्हणून एकीचा चार्ज दुसरीला लावणे हा जिवावर बेतणारा प्रकार आहे.

ढोबळ नियम असा: पुंगळी जितकी मोठी आणि बुलेट जितकी जड, तितकी मंद पावडर लागते. .३०८ विन्चेस्टर या काडतुसामध्ये १६८ ते १७५ ग्रेनच्या बुलेटसाठी हॉजडन कंपनीची व्हारगेट किंवा विहतावुओरी कंपनीची एन१४० ही मध्यम गतीची पावडर रुळलेली आहे. ६.५ क्रीडमूरमध्ये १४० ग्रेनच्या आसपासच्या बुलेटला एच ४३५० इतकी जुळते की दोन्ही नावे जोडीनेच घेतली जातात. .३०० विन्चेस्टर मॅग्नममध्ये जड बुलेट असेल तर एच ४८३१ किंवा एच १००० यांसारख्या मंद पावडरी लागतात.

या पावडरींमधून एक निवडताना मी चार गोष्टी पाहतो, आणि त्यांचा क्रमही महत्त्वाचा मानतो.

पहिली गोष्ट प्रकाशित माहिती. तुमच्याच कॅलिबरसाठी, तुमच्याच बुलेटच्या वजनासाठी आणि शक्य असेल तर नेमक्या त्याच बुलेटसाठी उत्पादकाचा तक्ता उपलब्ध असेल तरच ती पावडर विचारात घ्या. संगणकावर अंदाज काढणारे प्रोग्रॅम अभ्यासाला चांगले आहेत. प्रकाशित तक्त्याच्या जागी ते वापरू नयेत.

दुसरी गोष्ट तापमानाची. काही पावडरी उन्हात वेगवान आणि थंडीत संथ होतात. सकाळी गारव्यात तयार केलेला, कमाल मर्यादेला टेकलेला लोड भर दुपारी मर्यादा ओलांडू शकतो. याशिवाय वेग बदलला की लांब अंतरावर बुलेट वर किंवा खाली लागते. हॉजडनच्या एक्स्ट्रीम मालिकेतल्या पावडरी, ज्यांत व्हारगेट, एच ४३५० आणि एच १००० येतात, तापमानाला कमी बधणाऱ्या म्हणून लोकप्रिय झाल्या. ‘कमी बधणाऱ्या’ याचा अर्थ ‘अजिबात न बधणाऱ्या’ असा घेऊ नका.

तिसरी गोष्ट पुंगळी किती भरते ही. चार्ज घातल्यावर पुंगळी बहुतांश भरत असेल तर पावडर दर वेळी जवळपास त्याच जागी राहते, प्रज्वलन एकसारखे होते आणि वेगातला फरक कमी राहतो. याचा सुरक्षिततेशीही संबंध आहे: अर्ध्याहून अधिक पुंगळी भरणारी पावडर चुकून दोनदा घातली गेली तर ती बाहेर सांडते आणि चूक तिथल्या तिथे दिसते.

चौथी गोष्ट म्हणजे ती पावडर पुढेही मिळत राहील का. चांगला लोड सापडला आणि पावडर बाजारातून नाहीशी झाली तर सारे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. वेगाचा आकडा माझ्या यादीत येतच नाही. काटेकोर अचूकतेसाठी जास्तीचे १५ मीटर प्रति सेकंद लागत नाहीत. उंचीचे गणित दुर्बिणीच्या टरेटवर (नेम वर-खाली करण्याच्या चकतीवर) करता येते.

नावांचा सापळा: आयएमआर ४३५० आणि एच ४३५० या दोन वेगळ्या पावडरी आहेत. आयएमआर ४८३१ आणि एच ४८३१ यांचेही तसेच. यांत आयएमआरची पावडर जलद जळते, म्हणजे एच ४८३१चा कमाल चार्ज आयएमआरला लावला तर दाब वाढतो. आकडा सारखा म्हणून पावडर सारखी असे कधीही समजू नका. डब्यावरचे संपूर्ण नाव तक्त्यातल्या संपूर्ण नावाशी अक्षर अन् अक्षर जुळवून पाहा.

५. मॅन्युअल वाचण्याची रीत

तक्त्यातल्या ओळीत कॅलिबर, बुलेट, पुंगळी, प्रायमर, काडतुसाची एकूण लांबी, चाचणीच्या बॅरलची लांबी, सुरुवातीचा चार्ज, कमाल चार्ज आणि त्यांचे वेग दिलेले असतात. नवशिक्या माणूस फक्त चार्ज पाहतो. खरे तर उरलेले सगळे घटक त्या आकड्याच्या अटी असतात. पुंगळी जाड पितळाची असेल तर आतली जागा कमी होते आणि दाब वाढतो. सैनिकी पुंगळ्यांच्या बाबतीत हे हमखास अनुभवाला येते. प्रायमर बदलला तरी दाब बदलतो. त्याच वजनाची पण जास्त लांब, रायफलिंगला (बॅरलच्या आतल्या पिळदार खाचांना) जास्त घासणारी बुलेट वेगळा दाब देते. निव्वळ तांब्याच्या बुलेट याचे ठळक उदाहरण आहे, आणि त्यांच्यासाठी त्यांच्याच उत्पादकाचा तक्ता हवा.

दाबाची मर्यादा अमेरिकेत सामी ही संस्था आणि युरोपात सीआयपी ठरवते. .३०८ विन्चेस्टर आणि ६.५ क्रीडमूर या दोन्हींसाठी सामीची कमाल मर्यादा ६२,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे. सीआयपीची मोजण्याची पद्धत निराळी असल्याने तिचे बार या एककातले आकडे थेट पीएसआयमध्ये बदलून तुलना करू नये.

दोन मॅन्युअलांमध्ये कमाल चार्ज वेगवेगळा दिसला तर कमी असलेला आकडा आपली मर्यादा माना. सुरुवातीचा चार्ज दिलेला नसेल तर कमाल चार्जपेक्षा १० टक्के खालून सुरुवात करण्याची रीत आहे. पण याला दुसरी बाजू आहे: मंद पावडरीचा चार्ज छापील किमान मर्यादेच्याही खाली नेऊ नका. मोठ्या पुंगळीत मंद पावडर फारच थोडी असेल तर प्रज्वलन अडखळते, आणि क्वचित प्रसंगी दाब अचानक उसळल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. कमी पावडर म्हणजे नेहमीच जास्त सुरक्षित, असे नाही.

आणि एककाकडे लक्ष असू द्या. रीलोडिंगमधला ग्रेन म्हणजे पावडरचा दाणा नव्हे. ते वजनाचे माप आहे. १ ग्रॅममध्ये साधारण १५.४३ ग्रेन बसतात. तराजू ग्रॅमवर असताना ग्रेन समजून तोलणे ही चूक पंधरापट महागात पडते. प्रत्येक बैठकीच्या आरंभी तराजूच्या पडद्यावरचे एकक मोठ्याने वाचा.

६. पुंगळी तयार करणे

एकाच उत्पादकाच्या, एकाच लॉटच्या आणि सारख्याच वेळा वापरलेल्या पुंगळ्यांचा एक गठ्ठा करा आणि त्यात दुसऱ्या पुंगळ्या मिसळू नका. प्रत्येक पुंगळी हातात घेऊन उजेडात फिरवा. गळ्याला चीर, खांद्याजवळ भेग किंवा तळापासून थोड्या उंचीवर चकचकीत कडे दिसले तर ती बाद. हे कडे पुंगळीची भिंत आतून पातळ झाल्याची खूण असते आणि पुढच्या फैरीत पुंगळी तिथेच तुटू शकते. शंका असेल तर एका तारेचे टोक काटकोनात वाकवा, त्याला टोक काढा आणि पुंगळीच्या आतल्या भिंतीवरून तळाकडून वर हळूच ओढा. भिंत पातळ झाली असेल तर तारेला तिथे खाच लागल्यासारखी अडखळ जाणवते. ही जाणीव बोटांना एकदा झाली की विसरत नाही.

पुंगळीला वंगण लावून आकार देताना खांदा किती मागे ढकलायचा हे डायच्या सूचनापत्रकावरून ठरवू नका. तुमच्या चेंबरमध्ये चाललेल्या पुंगळीचा खांदा कंपॅरेटरने मोजा आणि बोल्ट ॲक्शन (चेंबर मागून बंद करणारा बोल्ट हाताने ओढायच्या) रायफलसाठी तो त्याहून ०.०२५ ते ०.०५ मिलिमीटर एवढाच मागे न्या. त्याहून जास्त ढकलला तर प्रत्येक फैरीत पितळ ताणले जाते आणि वर सांगितलेले कडे लवकर उमटते.

आकार दिल्यावर लांबी मोजा. .३०८ विन्चेस्टरच्या पुंगळीची कमाल लांबी ५१.१८ मिलिमीटर आहे आणि ती सहसा ५०.९३ पर्यंत कापतात. लांब वाढलेला गळा चेंबरच्या टोकाला अडकून बुलेट घट्ट पकडून धरतो, आणि मग बेताचा चार्जही धोकादायक ठरतो. शेवटी वंगण पूर्ण पुसून काढा. तेलकट पुंगळी चेंबरच्या भिंतीला धरून राहत नाही, त्यामुळे सारा जोर बोल्टवर येतो.

प्रायमर मूळ खोक्यातूनच वापरा. ते बरणीत सुटे ओतून ठेवणे अत्यंत धोक्याचे आहे, कारण एक पेटला तर सगळे पेटू शकतात. बसवलेला प्रायमर पुंगळीच्या तळापेक्षा किंचित आत गेलेला असला पाहिजे. प्रत्येकावरून बोट फिरवून पाहा.

७. तोलणे आणि भरणे

टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा असावा. याला अपवाद नाही. काम संपताच उरलेली पावडर त्याच डब्यात परत घाला, मापकात रात्रभर ठेवू नका. मापकात राहिलेल्या पावडरची ओळख हरवते, तिच्यातली आर्द्रता बदलते आणि त्याबरोबर तिचे जळणेही बदलते. कोणती पावडर आहे याची खात्री नसेल तर ती पावडर फेकण्याचीच. दोन पावडरी, अगदी एकाच नावाच्या दोन लॉटच्याही, एकत्र करू नका.

इलेक्ट्रॉनिक तराजू वापरण्यापूर्वी काही वेळ सुरू ठेवा आणि पंखा बंद करा. मोबाइल बाजूला ठेवा. प्रमाणित वजनाने आरंभी तपासणी करा, मधूनमधून करा आणि शेवटी पुन्हा करा. शेवटच्या तपासणीत फरक आढळला तर मधल्या सर्व काडतुसांवर विश्वास ठेवता येत नाही. कमाल मर्यादेजवळचा प्रत्येक चार्ज स्वतंत्र तोलावा.

सर्व पुंगळ्या ब्लॉकमध्ये उभ्या करून चार्ज भरल्यावर, बुलेट बसवण्याआधी, टॉर्चचा झोत तिरपा धरून रांगेरांगेने आत पाहा. पावडरची पातळी सगळ्यांत सारखी दिसली पाहिजे. एखाद्या गळ्यात ती खोल किंवा उंच दिसली तर त्या पुंगळीतली पावडर काढून पुन्हा तोला. ही काही सेकंदांची नजर दुसऱ्या कोणत्याही यंत्राने भरून निघत नाही. या वेळी कुणी बोलायला आले, फोन वाजला किंवा लक्ष उडाले तर सुरू असलेली पुंगळी रिकामी करून नव्याने भरा.

८. बुलेट बसवणे

सुरुवात मॅन्युअलमधल्या एकूण लांबीने करा. बुलेट रायफलिंगला टेकवून किंवा त्यात रुतवून बसवल्यास अचूकता वाढते असे ऐकू येते, आणि काही रायफलींत ते खरेही असते. पण टेकलेली बुलेट दाब वाढवते. म्हणून तशी लांबी निवडली तर चार्ज पुन्हा खालून चढवत न्यावा लागतो. उलट बुलेट छापील लांबीपेक्षा खोल बसवली तर आतली जागा कमी होते आणि तिथेही दाब वाढतो. चार्ज चढवत असताना लांबी मुळीच बदलू नका. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर परिणाम कशाचा हे कधीच कळत नाही.

९. चार्ज चढवत नेणे

सुरुवातीच्या चार्जपासून कमाल चार्जपर्यंत समान टप्पे पाडा. एक टप्पा एकूण चार्जच्या १ टक्क्याहून मोठा नसावा. कमाल मर्यादेजवळ तो निम्मा करा. प्रत्येक टप्प्याची मोजकीच काडतुसे भरा आणि प्रत्येकावर चार्ज लिहा. मैदानावर क्रम नेहमी कमीकडून जास्तीकडे.

पहिली फैर झाडण्यापूर्वी बॅरल आरपार मोकळी असल्याची खात्री करा. चेंबर कोरडे आणि स्वच्छ हवे. घशाजवळ साचलेल्या कार्बनच्या कड्यानेही दाब वाढतो. प्रत्येक फैरीनंतर क्रोनोग्राफचा वेग लिहा, बोल्ट उचलताना हाताला काय जाणवले ते लिहा आणि पुंगळी तपासा. तापलेल्या चेंबरमध्ये काडतूस ठेवून गप्पा मारू नका. पावडर तापते आणि क्रोनोग्राफचे वाचन बिघडते.

घोडा ओढल्यावर आवाज झाला नाही तर रायफल लक्ष्याच्याच दिशेला रोखून निदान ३० सेकंद थांबा, मगच बोल्ट उघडा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, धक्का कमी जाणवला, तर तिथेच थांबा. रायफल रिकामी करा आणि बॅरलमध्ये बुलेट अडकलेली नाही हे मागून पाहूनच पुढची फैर झाडा.

थांबण्याचे नियम आधीच लिहून ठेवा, म्हणजे मैदानावर मोह होत नाही. छापील कमाल चार्ज आला की थांबा. कमाल चार्ज अजून दूर असताना वेग छापील कमाल वेगाला पोहोचला तरीही थांबा. तुमची बॅरल चाचणीच्या बॅरलहून आखूड किंवा लांब असेल तर प्रत्येक इंचामागे साधारण ६ ते ९ मीटर प्रति सेकंदाचा फरक धरा. आखूड बॅरलमधून मॅन्युअलच्या लांब बॅरलइतका वेग मिळू लागला तर त्यात आनंदाचे काही नाही. तो वेग जास्तीच्या दाबातूनच आलेला असतो. दर टप्प्याला वेग साधारण सारखाच वाढत असताना एखाद्या टप्प्यावर तो एकदम उडी मारू लागला किंवा वाढायचाच थांबला, तरीही पुढे जाऊ नका.

१०. दाबाची चिन्हे आणि त्यांची मर्यादा

बोल्ट उचलायला जड जाणे, पुंगळीच्या तळावर इजेक्टरच्या (रिकामी पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाच्या) छिद्राचा चकचकीत गोल ठसा उमटणे, प्रायमरच्या कडा पूर्ण सपाट होऊन खाच भरून जाणे, प्रायमरला भोक पडणे, प्रायमरचा खळगा सैल होणे ही जास्त दाबाची परिचित चिन्हे आहेत. यांपैकी एकही दिसले तर त्या दिवसाचे काम संपले. उरलेली, त्याहून वरच्या चार्जची काडतुसे मैदानावर संपवून टाकू नका; घरी आणून पुलरने उघडा. चिन्ह दिसलेल्या टप्प्यावरून निदान दोन टप्पे खाली उतरा.

या चिन्हांच्या अनुपस्थितीवर मात्र भिस्त ठेवू नका. काही प्रायमर मऊ असतात आणि बेताच्या दाबालाही सपाट दिसतात. काही इतके कठीण असतात की मर्यादा ओलांडली तरी गुळगुळीत, गोलसर कडा तशाच राहतात. उत्तम प्रतीचे कडक पितळ मर्यादेच्या बरेच वर जाईपर्यंत कसलाही ठसा दाखवत नाही. बोल्ट जड होईपर्यंत चढवत जायचे आणि मग थोडे खाली यायचे, ही सर्रास सांगितली जाणारी पद्धत म्हणूनच मला मान्य नाही. बोल्ट जड झाला त्या वेळी रायफल आधीच तिच्या मर्यादेपलीकडे काम करत असते.

११. लांब पल्ल्याची अचूकता

सुरक्षित कक्षा ठरल्यावर तिच्या आत अचूक लोड शोधायचा. १०० मीटरवर सुंदर गट (जवळजवळ पडलेल्या छिद्रांचा) देणारा लोड १,००० मीटरवर वर-खाली विखुरू शकतो, कारण जवळ वेगातला फरक दिसतच नाही. ६.५ क्रीडमूरसारख्या काडतुसात दोन फैरींच्या वेगात १० मीटर प्रति सेकंदाचा फरक असेल तर १,००० मीटरवर उंचीत साधारण २५ ते ३० सेंटिमीटरचा, म्हणजे वीतभराहून थोडा जास्त फरक पडतो. म्हणून वेगाचे प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) कमी असणे महत्त्वाचे.

येथे एक मोठी फसगत होते. प्रत्येक टप्प्याची एक-एक फैर झाडून वेगाचा आलेख काढतात, आणि जिथे रेषा आडवी झालेली दिसते तो ‘नोड’ (वेग स्थिर राहणारा टप्पा) मानून लोड पक्का करतात. इतक्या थोड्या फैरींतली आडवी रेषा बहुधा योगायोग असते. तीच चाचणी पुन्हा केली तर ती दुसरीकडे दिसते. पाच फैरींवरून काढलेले प्रमाण विचलन ३ मीटर प्रति सेकंद आले, तरी ९५ टक्के खात्रीची कक्षा साधारण १.८ ते ८.६ इतकी रुंद असते. वीस फैरींनंतर तीच कक्षा २.३ ते ४.४ पर्यंत आकसते. त्यामुळे सुरक्षित कक्षेच्या मध्यावरचे दोन-तीन चार्ज निवडा, प्रत्येकाच्या भरपूर फैरी झाडा, आणि मगच निर्णय घ्या. बुलेट किती खोल बसवायची याचे बारीक समायोजन त्यानंतर करावे. बॅरल कोरी असेल तर घाई करू नका. पहिल्या शंभर-दोनशे फैरींत तिचा वेग अनेकदा आपोआप वाढतो.

निवडलेला लोड कमालपेक्षा थोडा खाली ठेवा, म्हणजे उन्हाळ्याला आणि नव्या लॉटला जागा राहते. शेवटची चाचणी तुम्ही नेम धरणार असाल त्या काळातल्या सर्वांत उष्ण दिवशी करा.

१२. नोंदी, साठवण आणि लॉट बदलणे

प्रत्येक खोक्यावर तारीख, कॅलिबर, पुंगळी व ती किती वेळा वापरली, पावडर व तिचा लॉट, चार्ज, प्रायमर, बुलेट, एकूण लांबी आणि ‘फक्त अमुक रायफलसाठी’ ही ओळ लिहा. ज्या खोक्यावर चिठ्ठी नाही त्यातली काडतुसे झाडण्याची नाहीत. तुमची काडतुसे मित्राच्या रायफलमध्ये घालू देऊ नका आणि त्याची स्वतःच्या रायफलमध्ये घेऊ नका.

पावडर मूळ डब्यातच, थंड, कोरड्या जागी, मुलांच्या हाती लागणार नाही अशी कुलुपात ठेवा. हवाबंद, जाड लोखंडी तिजोरी मात्र टाळा. आग लागली तर दाब कोंडून साधी जळणारी पावडर स्फोट घडवते. आंबट, झोंबणारा वास, तांबूस धूर किंवा गंजासारखी भुकटी दिसली तर पावडर कुजली आहे. ती स्थानिक नियमांनुसार लगेच नष्ट करा. काम करताना खाणेपिणे टेबलापासून दूर ठेवा आणि नंतर हात साबणाने धुवा, कारण झाडलेल्या प्रायमरच्या अवशेषांत आणि पुंगळ्या घासण्याच्या धुळीत शिसे असते.

पावडरचा, प्रायमरचा, बुलेटचा किंवा पुंगळ्यांचा नवा लॉट आला की जुना चार्ज जसाच्या तसा उचलू नका. काही टप्पे खाली उतरून पुन्हा क्रोनोग्राफवर चढत या. नव्या लॉटने जुन्या चार्जला जास्त वेग दिला तर जुना वेग परत येईपर्यंत चार्ज कमी करा, आणि नोंदवहीत नव्या लॉटसाठी नवे पान सुरू करा.